आर्क वेल्डिंगमधील अतिनील प्रारण

विद्युत् प्रज्योतीने (आर्कने) धातू वितळवून सांधताना निघणाऱ्या अदृश्य किरणांनी डोळ्यांना व त्वचेला होणारी इजा आणि तिच्यापासून संरक्षण, हा या नोंदीचा विषय आहे.

ही इजा वेल्डिंगपेक्षाही जुनी. फ्रेंच वैद्य झां मार्तें शार्को यांनी १८५८ मध्ये प्रज्योतीवर प्रयोग करणाऱ्यांच्या त्वचेचा व डोळ्यांचा दाह नोंदवून दोष उष्णतेचा नव्हे, तर त्या काळी ‘रासायनिक’ म्हटल्या जाणाऱ्या (आजच्या भाषेत अतिनील) किरणांचा असावा, असे सुचवले. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ योहान विडमार्क यांनी १८८९ च्या सुमारास प्रकाशाचे निरनिराळे भाग गाळून ते प्रयोगाने दाखवले. अनुमानाचा मान शार्को यांना दिला, तरी सिद्धतेचा विडमार्क यांनाच देणे योग्य वाटते.

सूर्याच्या अतिनील किरणांतील १०० ते २८० नॅनोमीटर तरंगलांबीचा भाग वातावरणात अडतो; हातभर अंतरावरच्या प्रज्योतीला असा अडसर नसतो. स्वच्छमंडल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) सर्वाधिक हळवे असते ते २७० नॅनोमीटरच्या आसपास. तेथे आठ तासांसाठी प्रारणाची मर्यादा चौरस मीटरला ३० जूल धरतात आणि उघड्या प्रज्योतीजवळ ती काही सेकंदांतही ओलांडली जाते. विद्युत्प्रवाह वाढवला की प्रारण वाढते. आर्गॉनच्या आवरणात ॲल्युमिनियम जोडताना विशेष जपावे लागते, कारण तेथे अतिनील उत्सर्जन जास्त असते आणि धातूचा चकचकीत पृष्ठभाग ते परावर्तितही करतो.

किरण लागताना काहीच जाणवत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खुपणी, पाणी व प्रकाशाचा त्रास साधारण चार ते बारा तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो. स्वच्छमंडलाचा वरचा थर भरून आल्यावर एकदोन दिवसांत आराम पडतो. मात्र सुन्न करणारे थेंब वारंवार घातल्यास जखम भरणे लांबते. वेल्डिंगमधील अतिनील प्रारण मानवात कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०१७ मधील कार्यगटाने काढला. आधार मुख्यतः डोळ्यातील मेलॅनोमाचा (रंगद्रव्य पेशींच्या कर्करोगाचा) होता.

वेल्डरकडे काळ्या काचेचा हेल्मेट असतो. आर्कच्या कामाला सामान्यतः काळेपणाच्या ९ ते १३ क्रमांकाची काच वापरतात. साधा रंगीत गॉगल तिची जागा घेऊ शकत नाही. खरा प्रश्न शेजारी जॉब धरून बसलेल्या हेल्परचा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये अतितीव्र प्रकाशाचा धोका असलेल्या कामासाठी परिणामकारक पडदे किंवा योग्य गॉगल यांची तरतूद करताना लगत काम करणाऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख केला गेला. कामगारसंख्येच्या अटीमुळे फॅब्रिकेशनची लहान दुकाने मात्र त्या अधिनियमातील ‘कारखाना’ या व्याख्येबाहेर राहिली.