देहाचे आकारमान आणि अन्नाची गरज

वजन वाढले की प्राण्याची अन्नाची गरज वाढते, पण वजनाच्या पटीत वाढत नाही. मोठ्या देहाला एकूण जास्त लागते, लहान देहाला दर किलोमागे जास्त लागते.

या नियमाची दोन्ही टोके बडोद्यात पाहायला मिळतात. सयाजीबागेतल्या, म्हणजे जुन्या बडोदेकरांच्या कमाटीबागेतल्या, संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सुमारे २२ मीटर लांबीचा सांगाडा आहे. हा देवमासा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी किनाऱ्याला लागला होता. देवमासा हंगामात रोज टनांच्या हिशेबाने कोळंबीसारखे जीव गिळतो, आणि मग अंगच्या चरबीवर कित्येक महिने काढू शकतो. दुसरे टोक घरातच सापडते. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत रात्री भिंतीच्या कडेकडेने चिवचिवत पळणारी चिचुंद्री पाहावी. लोक तिला उंदीर समजून मारतात, पण ती किडे खाणारी आहे. अंगात साठा फारसा नसल्याने तिला सतत खाणे धुंडाळावे लागते. उपासमार तिला फार लवकर गाठते.

शरीरक्रियेचे अभ्यासक मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली याचे गणित मांडले: विश्रांतीच्या अवस्थेतला ऊर्जेचा खर्च वजनाच्या पाऊण घाताप्रमाणे वाढतो (संख्येचा घन करून त्याचे लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढले की पाऊण घात मिळतो). किलोतल्या वजनाचा पाऊण घात काढून ७० ने गुणले की दिवसाच्या किलोकॅलरींचा अंदाज येतो. १६ किलोच्या कुत्र्याला सुमारे ५६०, तर ४,०९६ किलोच्या हत्तीला सुमारे ३५,८४०. वजन २५६ पट, गरज मात्र ६४ पट. त्या हत्तीच्या वजनाइतके कुत्रे पोसायचे तर चौपट ऊर्जा लागेल.

असे का, याचे जुने उत्तर स्वयंपाकघरात कळते. वाटीतले वरण पटकन निवते, पातेल्यातले उशिरा. लहान देहाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून उष्णता लवकर जाते. पण एवढ्याने पाऊण घात नेमका निघत नाही, दोन-तृतीयांश निघतो. १९९७ साली रक्तवाहिन्यांच्या फांद्यांसारख्या जाळ्यावरून दुसरे स्पष्टीकरण पुढे आले. वाद अजून मिटलेला नाही.

माणसामाणसांत नुसत्या वजनाने हिशेब लागत नाही. प्रा. माणिकरावांनी नावारूपाला आणलेल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरामुळे बडोद्याला तालमीची आणि खुराकाची भाषा परकी नाही. स्नायू बसल्या जागीसुद्धा तेवढ्याच वजनाच्या चरबीच्या सुमारे तिप्पट ऊर्जा खातो; त्यात जोर-बैठकांची मेहनत धरली, की दूध, तूप, बदाम कुठे जातात ते कळते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी २,११० आणि कष्टाच्या कामासाठी ३,४७० किलोकॅलरी धरल्या आहेत. देह तोच, फरक १,३६० चा.

अन्न सोडून इंधनासारख्या इतर साधनांच्या बाबतीत देहाचा वाटा आणखी कमी होतो. हजार किलोची मोटार एका माणसाला नेते, तेव्हा पेट्रोल जळते ते मुख्यतः मोटारीसाठी. माणूस ५० किलोचा की ९० चा, याने थोडाच फरक पडतो.

मुलांच्या बाबतीत अन्नाचा हा हिशेब हमखास चुकतो. ‘एवढ्याशा जिवाला कितीसं लागणार?’ असे म्हणून ताट वाढले जाते. पण मुलाचा मेंदू देहाच्या मानाने मोठा असतो आणि वाढही चालू असते, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या मुलाला दर किलोमागे बैठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. पोट मात्र लहान, एका बैठकीला थोडेच मावते. म्हणून दोन जेवणांच्या मधे पोळी-तूप-गूळ किंवा शेंगदाण्याचा लाडू त्याच्या हातात पडायलाच हवा.