छाट कोण काढतो? विडी कामगार महिलांच्या हक्काची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईला ‘काम कुठे करता?’ असे विचारा, ती कारखान्याचे नाव सांगेल. कारखानदारांच्या बाजूने मात्र कोर्टात वर्षानुवर्षे निराळेच सांगितले गेले. या बाया आपल्या घरी, आपल्या सवडीने काम करतात, मग त्या आमच्या नोकर कशा? २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रमसंहिता लागू झाल्या, विडी कामगारांचा १९६६चा कायदा इतिहासजमा झाला आणि हा वाद पुन्हा वर येण्याची चिन्हे आहेत.

१८७७ साली इथे पहिली कापड गिरणी निघाली. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबे हातमाग, गिरण्या आणि पुढे यंत्रमागांवर रुजली. पुरुष मागावर आणि बाई विडीवर, ही पूर्व भागातली सवयीची वाटणी. विडीचे काम चालते ते असे: ब्रँचमधून, म्हणजे कारखान्याच्या शाखेतून, तेंदूपाने, तंबाखू आणि सूत मोजून मिळते. बाई पाने भिजवते, फर्म्याने, म्हणजे ठरावीक मापाच्या साच्याने, कापते, सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आणि माल ब्रँचला नेऊन देते. तिथे चेकर कट्टे, म्हणजे विड्यांच्या जुड्या, हातात घेतो, दोन-चार विड्या दाबून बघतो आणि न पटलेल्या बाजूला काढतो. ही छाट. तिची मजुरी नाही. पाने निकृष्ट निघाली तरी भुर्दंड बाईलाच. मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे छाटीचा हात सैल की कडक, यावर त्या दिवसाची कमाई ठरते.

गंमत अशी की, ज्या छाटीने बाई नाडली जाते, तिनेच कायद्याने तिला कामगार ठरवले. मालक-नोकर नाते आहे की नाही, हे कामावर नियंत्रण कोणाचे यावरून ठरवण्याची न्यायालयांची जुनी रीत. १९६०च्या डिसेंबरात नागपूरच्या बिर्धीचंद शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यात बसून विड्या वळणाऱ्यांना कामगार मानले. वेळेची मोकळीक असली तरी प्रमाणात न बसणारी विडी नाकारण्याचा अधिकार मालकाकडे होता. वर्षही लोटले नव्हते तोच, १९६१ मध्ये, शंकर बाळाजी वाजे प्रकरणात तसेच काम करणारा माणूस कारखाने कायद्याखाली कामगार ठरला नाही, कारण यायची-जायची वेळ त्याच्या मर्जीची! धंदा एक, न्यायालय एक, निकाल दोन. आणि हे दोघेही कारखान्यात बसणारे. घरी बसणाऱ्या बाईचे काय होणार, याचा अंदाज करावा.

ही फट १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने बुजवली. कच्चा माल घेऊन घरी विडी करणारी व्यक्तीही कर्मचारी, असे त्याने व्याख्येतच लिहून टाकले. मध्ये ठेकेदार असला तरी मूळ मालक सुटत नव्हता. छाटीच्या तंट्यांसाठी झटपट निवाड्याची तरतूदही होती. कारखानदार कोर्टात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. मग भविष्य निर्वाह निधी. तो विडी उद्योगाला १९७७ पासून लागू झाला, त्यालाही आव्हान मिळाले. १९८५च्या पी. एम. पटेल निकालाने घरखात्यातल्या, म्हणजे घरी विडी वळणाऱ्या, कामगारांनाही निधीच्या कक्षेत घेतले. माल नाकारण्याचा अधिकार हेच नियंत्रण, असे न्यायालयाने मानले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निकाल हाच.

समानतेच्या बाबतीत मात्र हात आखडताच राहिला. १९६६च्या कायद्याने प्रसूती लाभ घरी काम करणाऱ्या बाईपर्यंत नेला, पण वैद्यकीय बोनस आणि गरोदरपणातल्या आजाराची पगारी रजा ही दोन कलमे तिच्यासाठी वगळूनच. १९७६चा समान वेतन कायदा तर इथे जवळपास कागदावरच राहिला. त्याला एकाच मालकाकडे तसेच काम करणारा पुरुष तुलनेला लागे. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीतल्या लघुलेखिकेला तो मिळाला आणि १९८७ मध्ये ती जिंकली. विडीच्या ब्रँचबाहेरच्या रांगेत तो शोधायचा कुठे? यंत्रमागावरचा नवरा वेगळ्या मालकाकडे, वेगळ्या धंद्यात. जिथे सगळ्याच बाया, तिथे कमी मजुरीला कायद्याच्या भाषेत भेदभाव म्हणताच येत नाही.

१९७६ मध्येच विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभा राहिला. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलाला मदत यातून होई. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये उपकरच गेला. सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार विडी कामगार महिलांची वसाहत उभी राहिली, तिची घरे २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. मोठेच काम ते. पण त्याच घरात विडी वळली जाते, आणि जागेचे भाडे वा विजेचे बिल कारखानदाराच्या हिशेबात येत नाही, हेही खरे.

आता चाळीसहून अधिक कलमांच्या स्वतंत्र कायद्याऐवजी चार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेत विडीसाठी चार कलमांचा एक भाग उरला आहे. खासगी घरात स्वतःचा धंदा करणाऱ्यांना तो लागू नाही. ही सूट जुन्या कायद्यातही होती. देशात काही ठिकाणी तिचा आडोसा घेऊन कच्चा माल बाईला ‘विकायचा’ आणि विड्या ‘विकत घ्यायच्या’, असा कागदी खेळ चालत आला आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने घरून काम करणाऱ्यांची व्याख्या दिली खरी, पण त्यांना असंघटितांच्या रांगेत बसवले. तिथे मिळते ती योजना, मालकाची देणी नव्हेत. बाहेर दिलेल्या कामाची नोंद ठेवण्याचे बंधन मात्र नव्या संहितेतही मालकावर आहे. तेव्हा ब्रँचमधून मिळणारे कार्ड, त्यावर चढलेला माल आणि वजा झालेली छाट यांच्या नोंदी बाईने जपून ठेवाव्यात. उद्या दावा लागला तर वकील आधी तेच मागेल.