पोलक्यातला कापूस

माझ्या मावशीचं ऑपरेशन १९९३ साली मुंबईत झालं. ती खानदेशात, चोपड्याला परत आली तेव्हा घरच्या बायकांनी आम्हा पोरींना एवढंच सांगितलं, की छातीतली गाठ काढली. गाठीबरोबर अख्खा उजवा स्तन गेला, हे मला कळलं दोन वर्षांनी. वाळत घातलेल्या तिच्या पोलक्याला आतून हाताने शिवलेला एक खिसा दिसला. त्यात ती सरकी काढलेला कापूस भरायची. नुसता कापूस हलका, हात उचलला की पोलकं त्या बाजूने वर चढायचं. म्हणून मध्ये मूठभर ज्वारीची पुरचुंडी. मी बघतच राहिले, तर म्हणाली, "आपलाकडे कापूसनी काय कमी से?"

एवढं सगळं कापायचं कोणी ठरवलं, हे मी पुढे वाचत गेले. अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम हॅल्स्टेड नावाचे सर्जन होते. कॅन्सर गाठीपासून चहूकडे पसरत जातो, तेव्हा जितकं रुंद कापू तितकं बरं, असं त्यांचं मत. १८९४ साली त्यांनी आपल्या ऑपरेशनांचा अहवाल छापला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. मागे राहायचा गळपट्टीच्या हाडाखाली खड्डा, कातडीखाली दिसणाऱ्या बरगड्या आणि बऱ्याच जणींचा जन्मभर सुजलेला हात. त्या काळी गाठी मोठ्या होऊन बायका दवाखान्यात यायच्या, हे खरं. पण हीच रीत पाऊणशे वर्षं जवळजवळ जगभर चालली, आणि पुढे ती बाई कशी जगते हा उपचाराचा भाग आहे असं फार थोड्यांना वाटलं.

ते आधी वाटलं एका रुग्णालाच. न्यूयॉर्कच्या टेरेस लासर यांचं हे ऑपरेशन १९५२ साली झालं. पोलकं कसं घालायचं, हात कधी उचलायचा, नवऱ्याशी काय बोलायचं, कोणीच सांगेना. मग बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच इतर बायकांच्या खाटेपाशी जाऊन बसू लागल्या. सोबत तात्पुरता कृत्रिम स्तन आणि हाताचे व्यायाम. काही डॉक्टरांना हे खपलं नाही. १९६९ मध्ये मात्र अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्यांचं काम आपलं म्हणून घेतलं. मला हॅल्स्टेडइतक्याच ह्या बाई महत्त्वाच्या वाटतात.

सर्जरी बदलली त्यानंतर. मिलानचे उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९८१ मध्ये आणि अमेरिकेचे बर्नार्ड फिशर यांनी १९८५ मध्ये रुग्णांच्या मोठ्या तुलनेतून दाखवलं, की लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये स्तन राखून गाठ काढली आणि वर शेक, म्हणजे किरणोपचार, दिला, तरी बाई तितकीच जगते. नवा स्तन घडवण्याच्या सोयीही आल्या. सिलिकॉनचं रोपण १९६२ पासून, पोटाचा स्नायू-चरबी वापरून घडवणं १९८२ पासून.

मग १९९३ मध्ये मावशीचा स्तन का गेला? तिची गाठ किती मोठी होती, मला माहीत नाही. पण आमच्याकडे बायका काय बोलतात ते माहीत आहे. स्तन राखायचा तर शेक घ्यावाच लागतो, आणि तेव्हा तो पाच-सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस चालायचा. यंत्र मोठ्या शहरात. धडगावच्या किंवा यावलच्या बाईने तिथे दीड महिना राहायचं कुठे, सोबत कोण, आणि कापूस वेचणीला आला तर? "सगळंच काढून टाका," असं ती म्हणते आणि कागदावर ती तिचीच इच्छा ठरते. आता बऱ्याच ठिकाणी शेक तीन आठवड्यांत उरकतो. २०१२ मध्ये राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपलं धुळे होतं. ऑपरेशन, किमो, शेक यांचा भार त्याने हलका केला. राहण्याची आणि मजुरी बुडण्याची गोष्ट तशीच राहिली.

मावशीच्या काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. हात खांद्याच्या वर जाईना. ती भिंतीशी उभी राहून बोटं चालवत वर न्यायची आणि जिथवर पोचली तिथे कोळशाने रेघ ओढायची. तिसऱ्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिने झोक्याची दोरी दोन्ही हातांनी धरली. न्हाणीघरातला आरसा मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं उलटा होता.

२०१४ च्या सुमारास आमच्याच गल्लीत एक सून ऑपरेशन करून आली. चाळिशीचीही नव्हती, खोलीबाहेर येत नव्हती. मावशीने लासरबाईंचं नाव कधी ऐकलं नव्हतं. ती गेली, दार लावून घेतलं, पदर बाजूला करून पोलक्याची बटणं काढली आणि वीस वर्षांचा व्रण तिला दाखवला. त्या पोरीने आधी बोट लावून पाहिलं. मग विचारलं, रात्री कोणत्या कुशीवर झोपता?