कारिवणा

कारिवणा : (ब्राह्मी, एकपानी, गु. खडब्राह्मी, बं. थानकुनी, त. वल्लारै, क. ओंदेलग, सं. मंडूकपर्णी, लॅ. सेंटेला एशियाटिका, कुल – एपिएसी). गाजर, कोथिंबीर, ओवा व बडीशेप यांच्या कुलातील, जमिनीलगत पसरणारी बहुवर्षायू रानटी ओषधी. भारतात सखल पाणथळ जागांपासून सु. १,८०० मी. उंचीपर्यंत ती आढळते. ठाण्यात येऊरच्या ओढ्यांकाठी व भाताच्या बांधांवर ती उगवते. वस्तीत गळक्या नळाखाली किंवा पाण्याच्या टाकीच्या सावलीतही तिचे जाळे दिसते. दिवाळीनंतर जमीन सुकली की पाने करपतात, पण वाडीच्या पाटाकाठी ओल टिकते तेथे ती बारमाही हिरवी राहते.

खोड दोऱ्यासारखे बारीक, बहुधा तांबूस; प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात आणि तेथूनच लांब देठांची पाने उभी राहतात. पान गोलसर, मूत्रपिंडाकृती, २ ते ५ सेंमी. रुंद, कडा बोथट दातेरी, देठाजवळ खोल खाच. ही खाच ओळखीची मुख्य खूण होय. फुले अगदी लहान, गुलाबी ते पांढरी, तीन-चारच्या झुबक्यात पानांखाली दडलेली असतात. कोथिंबिरीच्या छत्रीसारखा मोठा फुलोरा येथे शोधू नये. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये या वनस्पतीला हायड्रोकॉटिल प्रजातीत (जीनसमध्ये) घातले होते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ उर्बान यांनी १८७९ मध्ये ती सेंटेला प्रजातीत नेली. हायड्रोकॉटिल प्रजाती आता अरेलिएसी कुलात गेली आहे, सेंटेला मात्र गाजराच्याच कुलात राहिली आहे.

ब्राह्मी कोणती? या प्रश्नावर बराच वाद आहे. बाजारात ‘ब्राह्मी’ म्हणून दोन वनस्पती चालतात : एक कारिवणा, दुसरी नीरब्राह्मी (लॅ. बॅकोपा मोनिएरी), जिला कोकणात बांब असेही म्हणतात. दोघींचे कुल वेगळे व रूपही वेगळे. नीरब्राह्मीची पाने लहान, मांसल व समोरासमोर असतात, फुले फिकट निळसर. खाडीलगतच्या किंचित खारट ओलीतही ती तग धरते. चरकसंहितेत मेध्य (बुद्धिवर्धक) रसायने सांगताना मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा रस), दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस व शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला गोळा) अशी चार नावे येतात. ब्राह्मी मात्र अपस्मारावरील (फेफऱ्यावरील) घृतात म्हणजे औषधी तुपात वेगळी येते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात एकाच अध्यायात मंडूकपर्णीचा व ब्राह्मीचा कल्प (औषधप्रयोग) स्वतंत्रपणे सांगितला आहे. संहिताकारांना या दोन वनस्पती वेगळ्या वाटत होत्या, हे यावरून दिसते. बहुधा सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यकग्रंथात मात्र दोन्ही नावे एकाच वर्गात लागोपाठ येतात आणि गुणही सारखेच सांगितले आहेत. पुढचा गोंधळ येथून वाढला असावा. केरळात ब्राह्मी म्हणजे नीरब्राह्मी, तर हिंदी पट्ट्यात पुष्कळदा कारिवणाच ब्राह्मी म्हणून विकला जातो. महाराष्ट्रात दोन्ही प्रघात आहेत. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने ब्राह्मी म्हणजे बॅकोपा व मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला असा निर्णय केला आहे, आणि तोच जुन्या ग्रंथांशी अधिक जुळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते कोकणातील बोलीने हा गुंता केव्हाच सोडवला होता : कारिवणा आणि बांब ही दोन नावे कधी एकमेकांत मिसळली नाहीत. संस्कृत नावाच्या मोहाने ती मागे पडली, ही हानीच म्हणायची. ‘एकपानी’ हे नावही असेच नेमके. पेऱ्यातून एकेक सुटे पान वर आलेले पाहिले की त्याचा अर्थ कळतो. कन्नड ‘ओंदेलग’मध्येही ‘एक पान’ हाच अर्थ आहे. मंडूकपर्णी या नावाचा उगम कोणी पानाच्या बेडकासारख्या आकारात पाहतात, कोणी बेडकांच्या पाणथळ जागेत. पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मॉरिशसमध्ये कुष्ठरोगावर हिचे प्रयोग झाले आणि १८६८ च्या भारतीय औषधिकोशात हिचा समावेश झाला. पाँडिचेरीचे लेपिन यांनी १८५५ च्या सुमारास हिच्यातून ‘वेल्लरिन’ नावाचे तेलकट द्रव्य काढले. तमिळ नावावरून हे नाव पडले. १९४१ मध्ये एशियाटिकोसाइड हे ग्लायकोसाइड (शर्करायुक्त संयुग) वेगळे करण्यात आले. जखम भरताना कोलॅजेन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) तयार होण्यास त्याची मदत होते, असे प्रयोगांत दिसले आहे. व्रणांवरील मलमांत आज त्याचाच वापर होतो. कुष्ठरोगावर मात्र त्याची जागा पुढे प्रतिजैविकांनी घेतली.

डिमॉक व सहकाऱ्यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील १८९०–९३ मधील ग्रंथात कोकणातील वापराची नोंद आहे : तोतरेपणा जावा म्हणून रोज सकाळी एक-दोन पाने देत आणि उष्णतेने उठलेल्या पुरळावर पानांचा रस लावत. माक्याबरोबर तेलात उकळून केसांना लावण्याची पद्धत सर्वश्रुत आहे. पानांची चटणीही करतात. चव किंचित कडवट-तुरट असते. जास्त दिवस मोठ्या मात्रेत घेतल्याने यकृताला सूज आल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. गरोदर स्त्रियांनी व यकृताचा विकार असलेल्यांनी वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

ठाणे व नवी मुंबईतील रोपवाटिकांत ब्राह्मी म्हणून कधी कधी चकचकीत, नाण्यासारख्या गोल पानांची शोभेची हायड्रोकॉटिल दिली जाते. तिच्या पानाला खाच नसते आणि देठ छत्रीच्या दांड्यासारखा पानाच्या मधोमध जोडलेला असतो. पान उलटे केले की लगेच समजते. उंदीरकानीचे पानही कारिवण्यासारखेच दिसते, पण तिला पिवळी फुले येतात. रस्त्याकडेच्या गटारालगत वाढलेला कारिवणा खाऊ नये. ही वनस्पती मातीतील जड धातू शोषून घेते आणि कितीही धुतले तरी ते निघत नाहीत. घरी लावणे सोपे आहे. येऊरच्या रानातून झुबका उपटून आणण्याची गरज नाही; कोणाच्या कुंडीतले मुळे फुटलेले एकच पेर ओल्या मातीवर दाबून सावलीत ठेवले की दोनेक आठवड्यांत दुमडलेले पहिले पान वर येते.