एरिक्सन एअर-क्रेन : पोट नसलेल्या हेलिकॉप्टरवर उभी राहिलेली कंपनी

सिकोर्स्कीच्या एस-६४ हेलिकॉप्टरला पोटच नाही. पुढे काचेची छोटी केबिन, वर उघड्यावर बसवलेली दोन इंजिनं आणि तिथून थेट शेपटीपर्यंत गेलेला लांब दांडा. एरवी जिथे प्रवासी किंवा माल बसतो तिथे नुसती हवा. ज्यात माणसं बसवायची नाहीत, सामानही भरायचं नाही, फक्त खाली टांगून न्यायचं, त्याला भिंती आणि फरशी हवीच कशाला? वाचलेलं प्रत्येक किलो वजन ओझ्याच्या खात्यात जमा होतं. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातली एरिक्सन ही कंपनी गेली पन्नासहून जास्त वर्षं या एकाच हेलिकॉप्टरवर उभी आहे, आणि तिचा इतिहास या यंत्रापासूनच सुरू करावा लागतो.

इगोर सिकोर्स्की यांच्या कंपनीने उडत्या क्रेनची कल्पना आधी एस-६० या पिस्टन इंजिनाच्या नमुन्यावर आजमावली. टर्बाइन इंजिनांचं एस-६४ पहिल्यांदा उडालं ते ९ मे १९६२ रोजी. अमेरिकी लष्कराने ते ‘सीएच-५४ टार्‌ही’ या नावाने घेतलं आणि व्हिएतनाममध्ये तोफा, बुलडोझर, पडलेली विमानं असं सगळं त्याच्याकडून उचलून घेतलं. सहा पात्यांच्या मुख्य रोटरचा व्यास ७२ फूट. ‘ई’ प्रकारात प्रत्येकी ४,५०० अश्वशक्तीची दोन इंजिनं आणि सुमारे ९,००० किलो उचलण्याची क्षमता. पुढे आलेल्या ‘एफ’ प्रकारात ही क्षमता सव्वाअकरा हजार किलोंच्या वर गेली. लष्कराचा कल मात्र हळूहळू चिनूक या दुसऱ्या अवजड हेलिकॉप्टरकडे झुकला. चिनूक ओझं टांगूनही नेतं आणि पोटात सैनिकही नेतं. फक्त टांगणारं यंत्र सैन्याला चैन वाटू लागलं आणि एस-६४ चं उत्पादन सत्तरच्या दशकात थांबलं.

या यंत्राचं खरं वैशिष्ट्य केबिनच्या मागच्या बाजूला आहे. तिथे तिसऱ्या वैमानिकाची खुर्ची आहे, तोंड शेपटीकडे. त्याच्यासमोर काच आणि नियंत्रणाची दांडी. ओझं नेमक्या जागी बसवायची वेळ आली की हेलिकॉप्टर त्याच्या हातात येतं. पुढे बसलेल्याला पायाखालचं ओझं दिसत नाही, मागे बसलेल्याला दोर, आकडा आणि ओझं एका नजरेत दिसतं. वीतभर डावीकडे, वीतभर खाली, असं काम दुसऱ्याच्या तोंडी सूचनांवर होत नाही. सूचना कानावर पडून हात हलेपर्यंत ओझं झुललेलं असतं.

१९७१ मध्ये जॅक एरिक्सन या लाकूड व्यावसायिकाने हे यंत्र जंगलात नेलं. ओरेगन आणि कॅलिफोर्नियाच्या उतारांवर झाड तोडणं जमायचं, ओंडका खाली आणणं अवघड होतं. रस्ता काढायचा तर डोंगर कापावा लागतो, पावसात ती माती ओढ्यात येते आणि दोन हंगामांनी रस्ताच वाहून जातो. ओंडका सरळ हवेतून उचलला तर रस्ताच लागत नाही. त्याच काळात ओरेगनमधलीच कोलंबिया हेलिकॉप्टर्स ही कंपनीही याच दिशेने निघाली होती. वेस लेमाटा यांची ही कंपनी १९५७ पासूनची. तिने पुढे दोन रोटरांची व्हर्टोल आणि चिनूक जातीची हेलिकॉप्टरं निवडली. जगातल्या अवजड हेलिकॉप्टर धंद्याच्या दोन मोठ्या कंपन्या एकाच राज्यातून निघाल्या, हा योगायोग नाही. दोघींनाही त्याच उतारांनी घडवलं.

ओंडक्यांच्या कामाची एक खेप जवळून पाहण्यासारखी असते. जमिनीवरची माणसं आधीच ओंडक्यांना तारेचे फास अडकवून ठेवतात. या फासांना चोकर म्हणतात. हेलिकॉप्टर वर थांबतं, लांब दोराच्या टोकाचा आकडा खाली येतो, फास आकड्यात अडकतात, माणसं बाजूला पळतात आणि ओझं उठतं. मैदानात उतरवून परत यायला काही मिनिटंच लागतात, कारण जवळजवळ सगळा हिशेब इंधनाचा असतो. एस-६४ तासाला साधारण दोन हजार लिटर इंधन पितं, म्हणजे जवळजवळ १,६०० किलो. म्हणून टाक्या काठोकाठ भरत नाहीत. जेवढं इंधन जास्त, तेवढं लाकूड कमी. उलट, इंधन जळत जातं तसं यंत्र हलकं होतं. त्यामुळे अनुभवी फास टाकणारा इंधन भरल्यानंतरच्या पहिल्या खेपांना हलके ओंडके बांधतो आणि शेवटच्या खेपांसाठी जड ओंडके राखून ठेवतो. दुपारी हवा तापून विरळ झाली की हाच हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

फास टाकणाऱ्याचा अंदाज चुकला तर दोन्हीकडून नुकसान. ओझं हलकं असलं तर महागडं यंत्र अर्धं रिकामं उडतं. जड असलं तर वैमानिक केबिनमधल्या वजनकाट्यावर आकडा बघतो आणि बटण दाबून ओझं सोडून देतो. वेळ आणि इंधन वाया. ओल्या लाकडाचं वजन जातीगणिक, अगदी बुंधा आणि शेंड्यागणिक बदलतं, म्हणून हे कौशल्य कागदावर शिकवता येत नाही. खालच्या माणसाला धोके वेगळे. रोटरच्या वाऱ्याने झाडावर अडकलेल्या सुक्या फांद्या कोसळतात, आणि एवढं मोठं यंत्र हवेत स्थिर विजेचा भार साठवतं. आकडा आधी जमिनीला टेकू न देता हातात धरला तर जोरदार झटका बसतो.

झीज हा या धंद्यातला सर्वांत मोठा खर्च. प्रवासी हेलिकॉप्टर उड्डाणात एकदाच पूर्ण ताकद लावून उठतं, मग बराच वेळ सरळ जातं. ओंडके उचलणारं हेलिकॉप्टर तासात कितीतरी वेळा पूर्ण ताकद लावतं आणि सोडतं. गिअरबॉक्सचे दात, रोटरचा हब, शाफ्ट यांच्यावर दर खेपेला ताण चढतो-उतरतो. धातू थकतो तो अशा फेऱ्यांनी. म्हणून अशा भागांचं आयुष्य नुसत्या तासांवर मोजून चालत नाही, किती वेळा भार उचलला तेही मोजावं लागतं. भाग वेळेवर मिळाला नाही तर हेलिकॉप्टर जमिनीवर बसतं, आणि मूळ कारखान्याने उत्पादन बंद केलं असेल तर भाग आणायचा कुठून?

कंपनीचं खरं वळण इथेच आहे. १९९२ मध्ये एरिक्सनने सिकोर्स्कीकडून एस-६४ चं टाइप सर्टिफिकेट विकत घेतलं. या कागदामुळे त्या प्रकाराच्या हेलिकॉप्टरचा आराखडा, बदल, सुटे भाग आणि देखभालीचे नियम यांची जबाबदारी हवाई वाहतूक प्रशासनासमोर कंपनीवर आली. ग्राहक असलेली कंपनी निर्माता झाली. लष्कराकडून निवृत्त झालेली सीएच-५४ हेलिकॉप्टरं घ्यायची, ओरेगनमधल्या सेंट्रल पॉइंटच्या कारखान्यात पूर्ण उघडायची, भाग तपासून बदलायचे आणि नागरी वापराची एअर-क्रेन म्हणून उभी करायची, हा मार्ग खुला झाला. माझ्या मते जंगलाइतकाच हा कागदही कंपनीचा पाया आहे. तो नसता तर ही हेलिकॉप्टरं सुट्या भागांअभावी एकेक करून संग्रहालयात गेली असती.

लोकांना मात्र ही यंत्रं आठवतात ती उंच कामांमुळे. टोरांटोच्या सीएन टॉवरचा अँटेना १९७५ मध्ये ‘ओल्गा’ नावाच्या एस-६४ ने तुकड्यातुकड्यांनी चढवला. सहा महिन्यांचं धरलेलं काम साडेतीन आठवड्यांत उरकलं. वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या घुमटावरचा जवळजवळ वीस फूट उंच, सुमारे ६,८०० किलोंचा ‘फ्रीडम’चा कांस्य पुतळा ९ मे १९९३ रोजी एरिक्सनच्या हेलिकॉप्टरने दुरुस्तीसाठी खाली आणला आणि ऑक्टोबरमध्ये परत जागेवर ठेवला.

दरम्यान जंगलातलं काम आटत होतं. १९९० मध्ये ठिपकेदार घुबडाच्या उत्तरेकडील जातीला कायद्याने संरक्षण मिळालं आणि वायव्य अमेरिकेतल्या सरकारी जंगलांतली तोड झपाट्याने घटली. कंपनी वळली ती आगीकडे. हेलिकॉप्टरच्या पोटाच्या मोकळ्या जागेत सुमारे दहा हजार लिटरची टाकी बसवली. जाड नळी खाली सोडून पंपाने पाणी ओढायचं. अर्धा मीटर खोलीचं डबकंही पुरतं आणि टाकी पाऊण मिनिटात भरते. तळं आगीजवळ असेल तर तासाभरात फेऱ्यांवर फेऱ्या होतात. धावपट्टीवर परतून पाणी भरणाऱ्या विमानाला ते जमत नाही. २००१ च्या डिसेंबरात सिडनीभोवतीच्या वणव्यांत ‘एल्व्हिस’ नावाची एअर-क्रेन ऑस्ट्रेलियात घरोघरी माहीत झाली. इटली आणि दक्षिण कोरियाच्या सरकारांनी तर ही हेलिकॉप्टरं विकतच घेतली.

पाणी भरण्याची घटकाच सर्वांत नाजूक. वारा पाठीशी घेऊन, कमी वेगात, तीव्र उताराने खाली आलं तर रोटर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत शिरतो. मग ताकद वाढवली की घसरण थांबण्याऐवजी वाढते. त्यातून सुटायचं तर पुढे किंवा बाजूला निघून स्वच्छ हवा गाठावी लागते, आणि पाण्यावर तेवढी उंची उरलेली नसते. जानेवारी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात पाणी भरायला उतरताना एक एअर-क्रेन पाण्यात कोसळली. तिघेही जण जिवंत बाहेर आले.

पैशाच्या बाजूने कंपनी डळमळली ती यंत्राच्या बाहेर पाय पसरल्यावर. २००७ मध्ये मालकी गुंतवणूकदारांकडे गेली, २०१२ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. २०१३ मध्ये लष्करी वाहतूक करणारी एव्हरग्रीन हेलिकॉप्टर्स ही कंपनी सुमारे २५ कोटी डॉलरला घेतली आणि ब्राझीलमध्ये तेलक्षेत्राला सेवा देणारी हेलिकॉप्टरंही ताब्यात घेतली. अफगाणिस्तानातून अमेरिकी फौजा कमी झाल्या तसं लष्करी वाहतुकीचं काम आटलं, २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले आणि कर्ज तेवढं शिल्लक राहिलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं आणि २०१७ मध्ये कर्जाची फेरमांडणी करून ती त्यातून बाहेर पडली. आज उत्तर गोलार्धाचा वणव्याचा हंगाम संपला की दक्षिण गोलार्धाचा सुरू होतो, आणि या दोन उन्हाळ्यांच्या मधल्या महिन्यांत हेलिकॉप्टरांचे गिअरबॉक्स उघडले जातात.