परवान्याची बंदूक : कोल्हापुरातली पार्श्वभूमी

कोल्हापूर शहरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे शस्त्रपरवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहे. घराच्या राखणीसाठी बंदूक मागणाऱ्याला तिथे पहिला प्रश्न येतो तो गरजेचा. बंदूक घरात कुठे ठेवणार, कुलूप कुणाच्या हाती, घरात मुले आहेत का, हे प्रश्न नियमांत आले ते फार उशिरा. तोपर्यंत सरकार बंदुकीकडे बंडाचे साधन म्हणूनच बघत होते, आणि ती नजर कमावण्यात या मुलखाचा वाटा मोठा आहे.

१८४४ साली कोल्हापूर संस्थानातल्या सामानगड, भुदरगड, पन्हाळा अशा किल्ल्यांवरच्या गडकऱ्यांनी बंड केले. ते मोडल्यावर वंशपरंपरेने गड राखणारी शिबंदीच बंद झाली आणि किल्ल्यांची तटबंदी पाडली गेली. घरात शस्त्र असणे ही ज्या घराण्यांची नोकरीच होती, ती घराणी एका झटक्यात निःशस्त्र झाली. पुढे ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातली २७ वी पलटण उठली. डिसेंबरात शहराने दरवाजे लावून घेतले. राजाचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला पाठवण्यात आले. १८५७ सालीच कंपनी सरकारने हत्यारे जमा करण्याचा कायदा आणला आणि दक्षिण मराठा मुलखात त्याचे उलटे पडसाद उमटले. मुधोळ संस्थानातल्या हलगलीचे बेरड नोव्हेंबरमध्ये उठले ते हत्यारे द्यायला नकार देऊनच.

यानंतर लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवाना नसेल तर बंदूक नाही, हे सूत्र त्याने पक्के केले. युरोपियनांना मात्र सूट होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. पण डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. तेव्हा बंदूक हा हक्क नाही, सशर्त परवानगी आहे, ही गोष्ट गोऱ्यांकडून नुसती वारशाने आलेली नाही. स्वतंत्र भारताने विचार करून ती ठेवली. अमेरिकेत बंदूक हा हक्क आहे, असा दाखला देणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले. आज लागू असलेला १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याचे कलम १३ नीट वाचले तर जुनी भीती कुठे आहे ते कळते. आतून गुळगुळीत, किमान २० इंच लांब नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, किंवा पीकसंरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे दारू तोंडाकडून भरायची, बंदूक मागितली, तर परवाना द्यावा असा कायद्याचा कल आहे; नाकारायचा तर कलम १४ मधले कारण लागते. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल, आटेदार (आतून पिळाच्या खाचा असलेल्या) नळीची रायफल यांना मात्र ‘सबळ कारण’ दाखवावे लागते. लष्कर-पोलिसांच्या काडतुसाला बसणारी मापे, म्हणजे .३०३ किंवा ९ मिमी, तर सामान्यांना बंदच. म्हणून तर कानपूरचा .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३१५ ची रायफल निघाली.

जिल्ह्याच्या पश्चिमेला, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडीकडे, बंदूक आली ती शेतासाठी. ठासणीची बंदूक तिथल्या माळ्यांवर अजून सापडते. पण तिच्यावरही एक जुने बंधन आहे. दाजीपूरचे संस्थानी शिकारीचे रान १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले आणि आज राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आतल्या माणसाला नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय देता येत नाही. शिवाय गवा त्या कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. त्याने ऊस तुडवला एवढ्या कारणावर त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर जायबंदी, रोगी असेल तरच. पीकसंरक्षणाची बंदूक गव्यासमोर आवाज काढण्यापुरतीच.

हीच शेतातली बंदूक रात्री घराची राखण म्हणून खुंटीवर येते, आणि खरी अडचण तिथे आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा, छर्रे हे सगळे तोंडाकडून गजाने ठासलेले असते. एकदा भरली की ती सहज रिकामी होत नाही. एक तर बार काढायचा, नाहीतर गजाला पेचाचे टोक लावून बोळा ओढून काढायचा. तो कंटाळा टाळायला लोक ती भरलेलीच ठेवतात. नुसती टोपी (घोडा आपटल्यावर ठिणगी देणारी स्फोटक पुडी) काढून ठेवली की झाले, असे मानतात. पण निपलवर, म्हणजे टोपी बसवायच्या बोंडीवर, जुन्या टोपीची भुकटी उरलेली असू शकते, आणि भरलेली आहे हे विसरून कुणी पुन्हा ठासली तर दुहेरी बाराने नळी फुटते. गजावर रिकाम्या आणि भरलेल्या नळीची खूण करून ठेवणे हा त्यावरचा जुना उपाय. गज आत सोडल्यावर किती बाहेर राहतो त्यावरून नळी भरली आहे की नाही ते कळते.

बारा बोअरची दुनळी यापेक्षा बरी, कारण ती बिजागरीवर मोडून उघडली की दोन्ही घरे, म्हणजे काडतूस बसायच्या जागा, डोळ्यांना दिसतात आणि बोटाने चाचपता येतात. पण वाडवडिलांच्या विलायती दुनळ्यांची वेगळी खोड आहे. त्यांतल्या अनेकींची घरे अडीच इंची, म्हणजे ६५ मिमीच्या काडतुसाची असतात. आजचे ७० मिमीचे काडतूस त्यात आरामात बसते. बसते म्हणून चालते असे मात्र नाही. बार उडाल्यावर काडतुसाचे दुमडलेले तोंड उघडते, त्याला पुढे जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीवर पिळाची नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी, बहुधा काळ्या दारूसाठी केलेली. तिच्यात आजची धूररहित दारू नको. अशी बंदूक वापरायची असेल तर आधी परवानाधारक कारागिराकडून घराची लांबी आणि नळीची जाडी मोजून घ्यावी. बाहेर घोडा (आपटून बार उडवणारा भाग) असलेल्या जुन्या बंदुकीत आणखी एक धोका असतो: चढवलेला घोडा अंगठ्याने खाली सोडताना निसटतो. बिनघोड्याच्या बंदुकीतही सेफ्टीची कळ बहुधा फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही. भरलेली बंदूक पडली तर सेफ्टीवर भरवसा ठेवता येत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत बंदूक ठेवणे म्हणजे गंजाला बोलावणे. खोळ ओल धरून ठेवते. नळी कोरडी पुसून, पातळ तेलाचा हात फिरवून, खोळीबाहेर, भिंतीत बोल्ट मारलेल्या लोखंडी कपाटात ठेवावी. बंदूक रिकामी, दुनळीची नळी आणि दस्ता सुटे करून. काडतुसे दुसऱ्या कुलुपात. दोन्ही किल्ल्या परवानाधारकाकडे. देव्हाऱ्यामागे किल्ली ठेवली तर ती आठवड्याभरात सगळ्या घराला माहीत होते. ‘रात्री चोर आला तर कुलूप कधी उघडणार?’ हा प्रश्न नेहमी येतो. त्यासाठी भरलेली बंदूक उशाशी ठेवणारा माणूस चोरापेक्षा घरातल्या पोराला जास्त धोका देतो, हे आमचे स्पष्ट मत.

हे सगळे नियमांत आले ते १५ जुलै २०१६ च्या शस्त्र नियमांनी. तेव्हापासून अर्जासोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. परवान्यावर काडतुसांची मर्यादाही लिहिलेली असते, एका वेळी किती आणि वर्षात किती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि वरातीत, मिरवणुकीत बेफिकीरपणे बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला.

बंदूक चालवण्याचा हक्क वेगळ्या कायद्यात आहे. १८६० च्या दंड संहितेतली खासगी बचावाची कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ म्हणून आली. मालमत्तेच्या बचावात समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत मुभा आहे ती जबरी चोरी, सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे अशा प्रसंगांत, किंवा साध्या चोरीतही मृत्यूची वा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तेव्हा. नारळ तोडून पळणाऱ्याच्या पाठीवर बार टाकला तर ही कलमे उपयोगी पडत नाहीत. गरजेपेक्षा जास्त इजा चालत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर बचावाचा हक्कच उरत नाही. हलगर्जीने कुणाचा जीव गेला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. धारक वारल्यावर बंदूक घरात राहिली तर ती त्या दिवसापासून विनापरवाना. ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्यावी आणि मग वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करावा. धारक सत्तरीला पोचला किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे असली, तर जिवंतपणीच वारसाच्या नावे परवाना करता येतो. हा मार्ग २०१६ च्या नियमांत आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करायचा आदेश आला तर पोचपावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि दस्त्याची, नळीची अवस्था लिहून घ्यावी. परत घेताना नळी डोळ्याला लावून बघावी. ओल्या कोठडीतून गंजून आलेली नळी साफ केल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नये.