खुलासा: .३०८ खरंच ‘अर्ध्या ताकदीचं’ काडतूस आहे का?

‘मोठ्या जनावराला .३०-०६च हवं, .३०८ कमी पडतं’ हा शिकारीच्या रायफलींच्या दोन काडतुसांबद्दलचा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो चूक आहे.

दोन्ही काडतुसांतल्या गोळीचा व्यास एकच, ७.८२ मिलिमीटर. फरक काडतुसाच्या पितळी नळीच्या (दारू भरलेल्या कवचाच्या) लांबीत: १९०६ च्या .३०-०६ ची सुमारे ६३ मिलिमीटर, १९५२ च्या .३०८ विंचेस्टरची ५१. लांब नळीत बंदुकीची दारू जास्त मावते, म्हणून ताकदही तेवढीच जास्त असणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मधल्या काळात दारू सुधारली होती आणि .३०८ ला दाबाची मर्यादाही किंचित जास्त आहे. १५० किंवा १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीत वेगाचा फरक सेकंदाला जेमतेम २५ मीटरच्या आसपास राहतो. नेहमीच्या शिकारीच्या अंतरावर जनावराला तो कळतही नाही. गोळी कुठे लागली, हेच निर्णायक ठरतं.

२००-२२० ग्रेनच्या जड गोळ्या वापरायच्या असतील, तर मात्र .३०-०६ खरोखर सरस. एरवी .३०८ ची आखूड, हलकी रायफल आणि थोडा कमी धक्का मला जास्त मोलाचा वाटतो.

आणि गोळी सारखी असली तरी एकाचं काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत कधीही घालू नका.